पंखा बंद, रेकॉर्डिंग चालू

गेल्या वर्षी सलग अकरा आठवडे आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पहाटे सव्वापाच ते साडेसहा पंखा बंद असायचा. भर उन्हाळ्यात! माझी रूममेट कानावर उशी घेऊन झोपायची आणि मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून ‘राज्यपालांचे अधिकार’ मोठ्यानं वाचत बसायचे. नाही, मी एमपीएससी देत नव्हते. मला माझी हिंजवडीतली नोकरी (ईएमआयसकट) प्रिय आहे. परीक्षा माझ्या मामेभावाची होती.

तो मिरजेला असतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. आता तुम्ही म्हणाल, हल्ली तर फोनच सगळं वाचून दाखवतो. दाखवतो की! मराठी युनिकोडमध्ये असेल तर फटाफट, आणि छापील पानाचा फोटो काढला तरी बऱ्यापैकी. पण त्याच्या क्लासच्या सरांच्या नोट्स हातानं लिहिलेल्या. झेरॉक्सची झेरॉक्स. समासात बाण, बाणाच्या पोटात कंस, कंसात तारीख. एका अ‍ॅपनं त्यातल्या ‘घटनादुरुस्ती’ची ‘घरदुरुस्ती’ केली, तेव्हा मामाचा मला फोन आला. ‘‘तू कॉलेजात सूत्रसंचालन करायचीस ना गं?’’ पानं होती ३१२. पूर्वपरीक्षा अकरा आठवड्यांवर.

मी आपली मनात स्टुडिओ वगैरे सजवत होते. सुरुवातीला मंद बासरी, मग माझा आवाज! पण भावाची ऑर्डर आधीच आली. ‘‘ताई, म्युझिक नको. अ‍ॅक्टिंग तर अजिबात नको. आधी पान नंबर बोल, मग मजकूर. बाण असेल तर कुठून कुठे जातो ते सांग. आणि मी दुप्पट स्पीडनं ऐकतो. आवाज घुमला तर सगळ्याची लापशी होते.’’ एखाद्या क्लायंटनं इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट दिली ना, तर आमच्या ऑफिसातले निम्मे लोक सहाला घरी जातील.

तर सॉफ्टवेअर. पहिलं घेतलं ऑडॅसिटी, कारण फुकट. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉजर डॅनेनबर्ग आणि डॉमिनिक मॅझोनी यांनी ते सुरू केलं आणि २००० मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. दिसायला अजूनही थोडं त्याच काळातलं. पण लाल बटण दाबलं की रेकॉर्ड होतं, माउसनं निवडून डिलीट दाबलं की जातं. पहिल्या दिवशी तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी आकडे सुरू होतात. सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्‌झ म्हणजे काय? तर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० फोटो. माणसाचा कान जास्तीत जास्त वीस हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, आणि एखादी लहर नीट पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावी लागते, म्हणून हा आकडा. सीडीचाही हाच. मग बिट डेप्थ. १६ की २४? इथे मात्र मी २४ वर ठाम आहे, कारण त्यात आवाज हळू रेकॉर्ड झाला तरी नंतर वाढवता येतो. उलटं जमत नाही. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे घराचं छत. आवाज छताला लागला की त्याचं डोकं सपाट कापलं जातं, आणि कापलेलं डोकं कुठलंही बटण पूर्वीसारखं करून देत नाही. म्हणून माझी पट्टी उणे बाराच्या आसपास नाचती ठेवायची. बाकी हे आकडे पाठ करायची गरज नाही, एकदा सेट करा आणि विसरा.

खरी गंमत खोलीत आहे. माइक महागडा घेतला म्हणजे आवाज भारी येतो, हा एक मोठा गैरसमज. माइकला तुमचा आवाज आणि भिंतीवरून परत आलेला तुमचा आवाज दोन्ही ऐकू येतात. उघड्या भिंती, फरशी, काचेच्या खिडक्या, म्हणजे आपले सगळे नवे फ्लॅट, यात ती परत आलेली लहर फार जोरात असते. नेहमीच्या वेगानं ऐकलं तर ते खपून जातं. दुप्पट वेगात मात्र एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दाच्या डोक्यावर पडते. हीच ती लापशी. उपाय फुकट आहे: कपाटाचं दार उघडा, लटकलेल्या कपड्यांकडे तोंड करा, पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. माझ्या आईच्या दोन जुन्या इरकली साड्यांनी आवाज असा काही सुकवला की बस्स! मग राहिला ‘भ’. राज्यघटनेत ‘भारत’ किती वेळा येतो हे मोजायचं असेल तर माइकसमोर वाचून बघा. प्रत्येक ‘भ’, ‘फ’, ‘प’ला तोंडातून हवेचा एक गोळा सुटतो आणि माइकवर धप्‌कन आदळतो. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून माइकसमोर बांधला, हवा अडली.

पंखा, फ्रिज, दूधवाला, शेजारच्यांची मोटर यांच्यापासून सुटायचं म्हणून पहाटेची वेळ निवडली. तिथे कोकिळा! कोकिळेवर कविता करणाऱ्या कुठल्याही कवीनं पहाटे साडेपाचला माइक लावलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. पंख्याची घरघर सॉफ्टवेअरमधून काढता येते. त्याला नुसत्या घरघरीचा दोनेक सेकंदांचा नमुना द्यायचा, मग ते तसला आवाज सगळीकडून वजा करतं. पण जास्त वजा केलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. त्यात कोकिळा एकसारखी ओरडत नाही, सूर चढवत नेते. तिचा नमुना कुठला द्यायचा? तिची विश्रांती होईपर्यंत थांबणं, एवढंच हातात.

चार पानं रोज, असा हिशोब बसवला. वाचायला बारा-पंधरा मिनिटं, एडिट करायला सुरुवातीला तासभर. वाचताना अडखळले की टाळी वाजवायची आणि वाक्य परत पहिल्यापासून. टाळीचा स्क्रीनवर उभा सुळका दिसतो, त्यामुळे एडिटिंगच्या वेळी सगळं ऐकत बसावं लागत नाही, सुळक्यावरून सुळक्यावर जायचं. पंधरवड्यात मला अक्षरं दिसायला लागली! ‘स’ म्हणजे केसाळ सुरवंट. ‘ट’ म्हणजे काटा, त्याच्या आधी श्वासाएवढी शांतता. ‘म’ गुळगुळीत, फुगीर. ‘आणि’ तर मी न ऐकता ओळखायचे. सरांच्या नोट्समध्ये ‘आणि’ फार!

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या एका गिटारवाल्या कलीगनं रीपर दाखवलं. ज्या जस्टिन फ्रँकेलनं १९९७ मध्ये विनअँप काढलं (आठवतंय ना ते?), त्याचंच हे सॉफ्टवेअर. साठ दिवस फुकट, मग घरगुती लायसन्स ६० डॉलर. इथे कापलेला तुकडा मूळ फाइलमधून जात नाही, नुसता झाकला जातो. कड धरून ओढली की परत बाहेर. एस दाबलं की तुकडा, रिपल चालू केलं की मधलं काढल्यावर पुढचं सगळं आपोआप मागे सरकतं. आणि रीजन! प्रत्येक पानाला एक रीजन, त्याला पान नंबरचं नाव, शेवटी एकदाच रेंडर, की प्रत्येक पानाची वेगळी फाइल हातात. मूळ रेकॉर्डिंग मिनिटाला जवळपास आठ एमबी, तर भावाला पाठवायची मोनो एमपी-थ्री जेमतेम अर्धा एमबी. सकाळची पानं दुपारच्या लंच ब्रेकमध्ये मिरजेला पोचायची.

एकदा मी त्याला एकाच पानाच्या दोन फाइल पाठवल्या. एकीत माझे श्वास काढून तिथे पूर्ण शांतता टाकलेली, दुसरीत श्वास तसेच, फक्त थोडे हळू केलेले. कुठली बरी, विचारलं. उत्तर लगेच आलं. ‘‘दुसरी. पहिलीत दर वाक्यानंतर तुझी खोलीच गायब होते. परत येते, परत गायब. माझं लक्ष अभ्यासावरून उडून खोलीकडे जातं.’’ मी हेडफोन लावून परत ऐकलं. खरंच की! शांतता रिकामी नसते. तिच्यात खोली असते, खिडकीबाहेरचा लांबचा रस्ता असतो, कपाटाचं लाकूड असतं. तेव्हापासून रोज वाचायच्या आधी तीस सेकंद मी नुसती गप्प बसते आणि ते गप्प बसणं रेकॉर्ड करते. कुठे काही कापलं की ते भोक ह्या गप्प बसण्यानं बुजवायचं. साउंडवाली मंडळी ह्याला रूम टोन म्हणतात आणि कायम गोळा करतात, हे मला नंतर कळलं.

भावाचे कान हा एक वेगळाच विषय आहे. ‘‘आज कपाटाचं दार अर्धंच उघडलंस.’’ ‘‘आज सर्दी आहे का, ‘न’ बदललाय.’’ मी स्क्रीनवर सुळके बघत होते, तो मला नुसता ऐकत होता. मला एकदा वाटून गेलं, आपण आवाजाचं काम करतोय की चित्रांचं?

पान १४३ वर निवडणूक आयोग होता, कलम ३२४. त्या दिवशी उशीर झाला आणि खालच्या काकूंचा कुकर वाक्याच्या अगदी मधोमध वाजला. मी लिहिलं, उद्या परत रेकॉर्ड करते. तो म्हणाला, ‘‘राहू दे गं, ३२४ म्हटलं की आता मला शिट्टी ऐकू येते. अजून चार-पाच अवघड कलमांना वाजवता आली तर बघ.’’ काकूंना विचारायचं धाडस झालं नाही. पण ती शिट्टी फाइलमध्ये आहे.

सहाव्या आठवड्यात ऑफिसमध्ये रिलीज आली. तुम्हाला माहितेय रिलीज म्हणजे काय. रात्री अकराला घरी, पहाटे पाचला कपाट. वाचणं रेटता येत होतं, एडिटिंग तुंबत गेलं. चाळीस पानं कच्चीच पडून. परीक्षेला पाच आठवडे, आणि सगळ्यात जड भाग, पंचायत राज, अजून बाकी. मी मामाला फोन करून सांगणार होते, बाकीचं कोणाकडून तरी करून घ्या. तेवढ्यात भावाचा मेसेज. ‘‘कच्च्या फाइल पाठव. मी करतो.’’

कसं करणार? मला त्या सॉफ्टवेअरमध्ये काही करायचं तर आधी डोळे लागतात! तर बॉस, ऐका. त्याच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर आहे. मायकल करन ह्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये तो सुरू केला. पुढे त्याच्याबरोबर जेम्स टे आला, तोही अंध. ह्या टेनंच रीपरसाठी ओसारा नावाची जोडणी सुरू केली, तीही फुकट. ती टाकली की रीपर बोलायला लागतं: कुठला ट्रॅक, कितव्या मिनिटावर, कुठला तुकडा निवडलाय. माउस लागतच नाही. दोन दिवस तो की-बोर्डवरचे शॉर्टकट घोकत बसला. तिसऱ्या दिवशी पंधरा पानं साफ! मी सुळक्यावरून सुळक्यावर जायचे. तो फाइल तिप्पट वेगानं सोडायचा, टाळी ऐकली की थांबायचा, कापायचा, पुढे. मला तासभर लागायचा त्या कामाला त्याचा अर्धाही लागेना. त्यात त्याचा अभ्यासही आपोआप होत होता, हा त्याचा खरा फंडा. शेवटची शंभर पानं अशीच झाली. मी पुण्यात वाचायचे, तो मिरजेत कापायचा.

परीक्षेच्या आठ दिवस आधी ३१२ वं पान संपलं. एकूण साडेपंधरा तास. त्यानं ते सगळं दोनदा ऐकलं, पंचायत राज चारदा. लेखनिक घेऊन पेपर दिला. पूर्व निघाली. मुख्य परीक्षेचं अजून व्हायचंय, त्यामुळे पेढे राखून ठेवलेत.

निकाल लागल्यावर त्याच्या हॉस्टेलमधल्या दोघांनी एक छापील पुस्तक मागितलं. त्यांना त्याचा परिशिष्टांचा भाग, तक्ते आणि नकाशे कोणीतरी समजावून वाचलेले हवे होते. अशा वेळी कॉपीराइटची भीती वाटते, पण कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तीला वापरता यावी म्हणून, तिच्या अभ्यासासाठी, अशी प्रत कोणीही करू शकतं. ह्याच विषयावरचा मराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. माझ्या ओळखीत हे फार कमी जणांना माहीत आहे.

तर सध्या नवं पुस्तक. नकाशे शब्दांत वाचणं हा प्रकार भलताच अवघड निघाला. ‘‘कृष्णा वरून खाली येते’’ म्हटलं तर तो विचारतो, वर म्हणजे कुठे? पश्चिम म्हण, सह्याद्री म्हण. आता मी आधी बोटानं नकाशा फिरून घेते, मग माइक चालू. काल रात्री सत्तेचाळीस मिनिटांची कच्ची फाइल पाठवली. सकाळी बसमध्ये बसले तोवर त्याची व्हॉइस नोट आली होती. ‘‘ताई, एकतिसाव्या मिनिटापासून तू दमली होतीस. कोयनेपासून पुढचं उद्या परत वाच.’’