बडनेरा ते अकोला : वाटेवरचे आवाज

अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा महामार्ग कागदोपत्री ५३ क्रमांकाचा झाला, तरी आपल्याकडची जुनी मंडळी त्याला अजूनही ‘सहा नंबर’च म्हणतात. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा हा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. सरकी, तूर, हरभरा यांच्या सौद्यांसाठी कित्येक कुटुंबांनी तो उभ्या आयुष्यात शेकडो वेळा केला असेल. जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पूर्वी खड्ड्यांच्या आदळआपटीत गाडीतला रेडिओ ऐकूच येत नसे. आता त्याची खरखर नीट ऐकू येते, एवढी प्रगती निश्चित झाली.

ही खरखर कुठे सुरू होते, हे नेहमीच्या प्रवाशाला पाठ असते. अमरावती सोडताना एफएमवरील गाणे स्वच्छ असते. लोणीच्या पुढे ते धापा टाकू लागते आणि मूर्तिजापूरच्या आसपास पुष्कळदा नुसती फसफस उरते. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्रतेपुढे हतबल होतात. मनोरा शंभर मीटर उंच धरला आणि गाडीची एरियल दीड मीटरवर, तर त्यांची परस्परांशी दृष्टादृष्ट साधारण ४६ किलोमीटरपर्यंतच राहते. पूर्णेच्या खोऱ्यातील ही काळी जमीन तळहातासारखी सपाट असल्यामुळे वाटेत डोंगराची आडकाठी नाही, आणि तरीही एका शहराचा आवाज संपून दुसऱ्याचा अजून सुरू न झालेला असा एक पट्टा मध्ये राहतोच. मुक्तागिरीला जाताना मात्र सातपुड्याच्या कुशीत शिरताच एफएम पार मुके होते; तिथे दोष डोंगराचा.

मीडियम वेव्हची जात निराळी. तिच्या लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, म्हणून १९४८ साली सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर वऱ्हाडातील घराघरांत ऐकले गेले. पण या लहरी वाटेतला सारा कचराही सोबत आणतात. विजेच्या उच्चदाबाच्या तारांखालून गाडी गेली की गुणगुण सुरू होते आणि मृगाच्या ढगांत वीज चमकली की कडाड्‌ असा आवाज उमटतो. पावसाची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्याला तेवढी एक खरखर गोड वाटते, ही गोष्ट वेगळी! विजेवर चालणाऱ्या काही नव्या गाड्यांतून तर मोटरीच्या उपद्रवामुळे हा पट्टाच काढून टाकला जात आहे. अमेरिकेत तो सक्तीने ठेवावा यासाठी २०२३ मध्ये विधेयक आणावे लागले.

मग आपले संगीत आपणच बरोबर न्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या घरी हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नव्हता. आजेसासूबाईंच्या आवाजातील स्तवनांची एक कॅसेट आहे. त्या गेल्या, कॅसेट वाजवणारी जुनी गाडीही गेली. नातवाने ती फीत संगणकावर उतरवून मोबाइलमध्ये घातली, परंतु गाडीतील संच ब्लूटूथवर केवळ फोनचे बोलणे घेतो, गाणे घेत नाही. ब्लूटूथमध्ये या दोन कामांच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि जुन्या संचांत बहुधा पहिलीच असते. ऑक्सची तार खुपसायला जागाही नाही.

त्यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा चिमुकला एफएम प्रक्षेपक. मोकळ्या आकड्यावर तो लावला की मोबाइलमधले गाणे रेडिओतून वाजते. मूर्तिजापूरच्या निर्जन पट्ट्यात तो उत्तम चालला. पण एफएमचा स्वभाव असा, की एकाच आकड्यावर दोन आवाज आले तर बळकट तो ऐकू येतो आणि दुबळा पुरता दबतो. बोरगाव मंजू मागे पडताच आजींच्या स्तवनावर एका साबणाची जाहिरात चढून बसली. सासूबाईंनी काही न बोलता रेडिओ बंद केला.

शेवटी पेन ड्राइव्ह कामी आला, तोही सहजासहजी नाही. अनेक संचांना एनटीएफएस पद्धतीने आखलेला ड्राइव्ह वाचता येत नाही. तो फॅट३२ मध्ये आखावा लागतो. त्यात मोबाइलवरील एम४ए फाइली कित्येक संच ओळखत नाहीत, म्हणून एमपी३ करून घ्याव्यात. देवनागरी नावांच्या जागी पडद्यावर नुसते चौकोन उमटतात, तेव्हा नावांआधी ०१, ०२ असे रोमन लिपीतील आकडे घालावेत. आणि मूळ उतरवलेली प्रत घरच्या संगणकावर वेगळी जपावी, कारण उन्हात तापलेल्या गाडीत पेन ड्राइव्हचा भरवसा नाही.

आता बोरगाव मंजू मागे पडले तरी आवाज तुटत नाही. अकोल्याच्या बाजारात गाडी उभी राहीपर्यंत तिसरे स्तवन सुरू झालेले असते आणि ते संपेपर्यंत सासूबाई खाली उतरत नाहीत.