टाळांची वही

वाचक माउली, मुलांनी खरे बोलावे असे आपण सगळेच म्हणतो. शाळेच्या भिंतीवर तसे रंगवलेलेही असते. पण मूल भरवशाचे होणे ही त्याच्या पुढची पायरी आहे. भरवशाच्या माणसाकडे वस्तू, काम, प्रसंगी माणूससुद्धा सोपवून आपण पाठ फिरवू शकतो. हे भिंतीवर लिहून येत नाही. मग ते कशाने येते, याचे थोडे चिंतन आपल्यापुढे ठेवतो.

नाथमहाराजांच्या चरित्रातला हिशेबाचा प्रसंग आपण कितीदा तरी ऐकला असेल. मीही तो चाळीसेक वर्षे सांगितला. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली आणि त्या आवाजाने स्वामी जागे झाले. आम्ही कीर्तनकार या प्रसंगातून एकाग्रता काढतो आणि ते योग्यच आहे; स्वामींनीही पुढे तोच उपदेश केला. पण कीर्तन थांबवल्यापासून मी उन्हाळ्यात गावच्या मंदिरात मुलांचे शिबिर घेतो. तिथे हा प्रसंग सांगितला, तेव्हा एका पोराने विचारले, "महाराज, मग स्वामी झोपले कसे होते?"

मला तो प्रश्न फार आवडला. हिशेब कारभाराचा, शिष्य कोवळा, आणि गुरू निवांत झोपलेले! स्वामी मागे उभे राहून बोट दाखवत असते, तर ती पै स्वामींनी शोधली असती. नाथांना रात्र काढावीशी वाटली, कारण वही त्यांच्या हाती दिलेली होती आणि दिल्यावर कोणी डोकावत नव्हते.

आता वर्गात काय चालते ते पाहा. परीक्षेला भरारी पथक, भिंतीवर कॅमेरा. मुलांच्या सुरक्षेसाठी कॅमेरा असावा, माझी तक्रार नाही. पण सतत नजरेखाली राहणारे मूल नजर कुठे पोहोचत नाही तेवढेच हेरून ठेवते.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथला अभ्यास पाठांतराचा. आमच्या वेळी आम्ही दोघे-दोघे समोरासमोर बसून एकमेकांचे पाठांतर ऐकत असू. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने पोथीत बोट ठेवायचे. गीतेचे श्लोक सातशे. मित्र मधला एखादा गाळून पुढे गेला, तर सांगायचे की नाही? सांगावे तर तो रुसणार, न सांगावे तर गुरुजींना कळायला मार्ग नाही. मैत्री आणि भरवसा यांची गाठ अशी रोज सकाळी पडायची. माझा जोडीदार मला एका अक्षरालाही सूट देत नसे. तेव्हा त्याचा राग यायचा. पुढे फडावर उभा राहिलो, हजार माणसांत प्रमाण न अडखळता आले, तेव्हा त्याची आठवण व्हायची. त्याने "झाले" म्हटले म्हणजे ते खरेच झालेले असे.

शिबिरात टाळांच्या वीस जोड्या असतात, भजनी मंडळाकडून मागून आणलेल्या. त्या वाटायच्या, परत घ्यायच्या आणि वहीत लिहायच्या, हे काम मी मुलांकडेच देतो. मागच्या खेपेला वही पाचवीतल्या एका मुलाकडे होती. मुलगा खोडकर, आणि शाळेत त्याच्या नावाला आधीच बट्टा लागलेला. एका संध्याकाळी त्याच्या हातून टाळ फरशीवर पडला आणि चिरला. पोते तोंडाशी बांधून ठेवले असते तर आठ दिवस कोणाला पत्ता लागला नसता. तो आला आणि म्हणाला, "महाराज, माझ्याकडून पडला. वाजवून बघा, बद्द वाजतोय."

माउली, खरी कसोटी इथे होती. माझ्याबरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, "याच्याकडनं वही काढून घ्या." तेव्हा वर्गातली सगळी पोरे त्याच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. खरे सांगून वही जाणार असेल, तर पुढचा टाळ पोत्याच्या तळाशी जाणार, हे पोरांना आपल्याआधी कळते. मी त्यालाच त्या तारखेखाली लिहायला सांगितले: कोणती जोडी, कशी पडली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मंडळातल्या आजोबांकडे गेलो. बोलला तो, मी नुसता उभा. आजोबांनी टाळ वाजवून पाहिला आणि म्हणाले, "आज सांगितलंस ते बरं केलंस पोरा. ऐन दिंडीत कळलं असतं तर पंचाईत झाली असती." नव्या टाळाचे पैसे मंडळाने आणि मुलाच्या वडिलांनी निम्मे-निम्मे घातले. वही मुलाकडेच राहिली.

चारेक दिवसांनी हरिपाठ झाल्यावर एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, "मला पाठ नाही. मी हिच्या तोंडाकडे बघून ओठ हलवते." इतकी वर्षे मुले शिकवतो, पण असे आपणहून कोणी सांगितले नव्हते. तिला पहिल्या अभंगापासून बसवले. शेजारणीलाच तिचे पाठांतर ऐकायला दिले.

शिक्षक मंडळींना एक गोष्ट विनंतीपूर्वक सांगतो. "उरलेली गोष्ट उद्या सांगतो" असे म्हणालात तर उद्या सांगाच. मुले तुमच्या शब्दाचा हिशेब पैसुद्धा न सोडता ठेवतात.

आणि आपल्या गावच्या सप्ताहासाठी एक सुचवतो. वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पुढचा येऊन गळ्यात घेईपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही. यंदा दुपारचा एखादा पहारा सातवी-आठवीच्या पोरांच्या नावाने लावा. वेळ त्यांनाच पाहू द्या. पुढचा थोडा उशिरा आला तरी आपण मध्ये धावू नका. वीणा गळ्यात असलेले पोर काय करते, ते सभामंडपाच्या खांबाआडून पाहा.