शिरोड्याच्या आडवाटेने

बेळगावहून समुद्राकडे उतरायला वाटा पुष्कळ आहेत. पण आश्विन लागला की माझे मन वेंगुर्ल्याच्या रस्त्याकडेच ओढ घेते. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघे निघालो. मी, सौ. आणि आमच्या शाळेतले कन्नडचे शिक्षक. गाडी त्यांची, फराळ आमचा. सर मूळचे कुमठ्याकडचे. घरी कन्नड, शेजारी कोकणी, आणि पंचवीस वर्षे बेळगावात काढल्यामुळे मराठी अशी, की मुलांवर रागावतात तेही मराठीतच.

शिनोळी आली की दुकानांवरच्या पाट्या बदलतात. एरवी काही बदलत नाही. तीच तांबडी माती, तीच कापणीला आलेली भातशेते. १९५६ साली राज्य पुनर्रचनेची रेघ या शिवारातून गेली. त्या रेघेविषयी आमच्या पिढीने इतके बोलून, ऐकून आणि सोसून झाले आहे, की सुटीच्या दिवशी तो विषय काढायचा नाही असा आमच्या गाडीत अलिखित नियम आहे. आंबोलीपाशी मात्र तो मोडला. हिरण्यकेशी इथे उगम पावते, संकेश्वराहून वाहत घटप्रभेला मिळते. सर म्हणाले, "बघा सर, तुमचे पाणी आमच्याकडे." मी म्हटले, "आणि संकेश्वरची मिरची आमच्याकडे. फिटंफाट!"

घाट उतरून सावंतवाडी मागे टाकली. सरांच्या मोबाइलमधला नकाशा मोठ्या रस्त्याने चला म्हणून आग्रह करीत होता. त्याला गप्प करून आम्ही मळेवाड, आजगावच्या वाटेला लागलो. या रस्त्यांना घाई ठाऊक नाही. एका बाजूला जांभ्या दगडाचे गडगे, दुसऱ्या बाजूला माडांखाली कापून पसरलेले भात. मध्येच एखादी म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि आपल्यालाच विचारात पाडते. आजगावच्या पुढे एका आजोबांना वाट विचारली. "शिरोड्याक? ह्यो रस्तो सोडू नकात," एवढे सांगून त्यांनी वर "खंयचे तुमी?" म्हणून चौकशी केली. बेळगाव म्हटल्यावर त्यांनी लोण्याची आठवण काढली. आमच्या गावाची कीर्ती कुठे कशाने पोहोचली असेल, सांगता येत नाही.

शिरोड्याला येण्यात माझा एक स्वार्थ होता. १९२० साली वि. स. खांडेकर नावाचा बावीस वर्षांचा तरुण या खेड्यातल्या शाळेत शिक्षक म्हणून आला आणि १९३८ पर्यंत इथेच राहिला. 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' लिहिणारा हा माणूस दिवसा वर्गात उभा असे. रविवार असल्यामुळे शाळा बंद होती. मी पायरीशी उभा राहिलो. मैदानात क्रिकेट खेळणारा एक मुलगा चेंडू न्यायला आला आणि म्हणाला, "तुमी मास्तर आसास काय?"

"कशावरून रे?"

"पायरीर चपला काढलास म्हणान."

माझ्या खिशात संस्थेचे पत्र होते. मराठी माध्यमाची आठवी पुढच्या वर्षी चालू ठेवावी, की मुले इंग्रजी माध्यमाच्या वर्गात सामावून घ्यावीत, यावर मुख्याध्यापकांचा अभिप्राय मागवला होता. दोन तुकड्यांची एक आम्ही केव्हाच केली; आता तीही भरत नाही. पालकांना दोष देणे सोपे आहे. पण माझी स्वतःची नात इंग्रजी शाळेत जाते, तेव्हा तो अधिकार मी कोणत्या तोंडाने बजावणार?

सरांना पत्राचे ठाऊक होते. ते म्हणाले, "कन्नड माध्यमाच्या शाळांतून वेगळे काय आहे, सर? आपण दोघे पाटीवर कोणते अक्षर आधी यावे म्हणून भांडत बसलो. मुले उठून तिसरीकडेच गेली." यावर मी उत्तर दिले नाही. मग वातावरण हलके करायला म्हणा, त्यांनी 'ययाती'चा विषय काढला. खांडेकरांची कादंबरी १९५९ची, गिरीश कार्नाडांचे त्याच नावाचे कन्नड नाटक १९६१चे. ययाती खरा कोणाचा, यावर आमचा वाद मिठागरांपर्यंत पुरला. कार्नाडांची मातृभाषा कोकणी, हे आठवून सौ.नी तो निकालात काढला.

मिठागरे या दिवसांत विश्रांती घेत असतात. वाफ्यांत अजून पावसाचे पाणी होते आणि एक गृहस्थ खचलेला बांध चिखलाने लिंपीत होते. खाडीचे भरतीचे पाणी आत घ्यायचे, उथळ वाफ्यांतून फिरवीत उन्हात आटवायचे, आणि खाली उरते ते मीठ. सरांनी गोकर्णाजवळची साणीकट्ट्याची आगरे लहानपणापासून पाहिलेली. ते कोकणीत विचारू लागले, गृहस्थ मालवणीत सांगू लागले, आणि मराठीचा एम.ए. असलेला मी दोघांच्या मध्ये श्रोता होऊन उभा राहिलो. १९३०च्या मे महिन्यात इथे सत्याग्रह झाला. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी, जन्माने गोमंतकीय, त्यात उतरले आणि तुरुंगात गेले. सर म्हणाले, "आमच्या अंकोल्यालाही त्याच वर्षी झाला." दोन्ही सत्याग्रह मिठाचेच, आणि तेव्हा दोन्ही ठिकाणे मुंबई इलाख्यातच!

वाकडी वाट करून आरवलीला वेतोबाचे दर्शन घेतले. देवापुढे वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चामडी चपला पाहून सौ. म्हणाल्या, "हा देव रात्री गावभर फिरतो म्हणतात. आडवाटा त्यालाच विचारायला हव्या होत्या."

रेडीवरून तेरेखोलला पोहोचेपर्यंत ऊन कलले. महाराष्ट्र कुठे संपला आणि गोवा कुठे लागला, हे रस्त्याला कळले नसावे. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, म्हणून नदीच्या उत्तरेचा हा तुकडा गोव्याचा राहिला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. उरलेल्या गोव्याशी याची भेट होते ती पाण्यावरून.

तटाशी टेकून मी पत्राच्या पाठीवर मसुदा लिहिला. 'मराठी माध्यमाची आठवी चालू ठेवावी. मुले कमी असली तरी शिक्षक पूर्ण द्यावेत. इंग्रजीचा तास रोज, अधिक वेळ व चांगल्या शिक्षकाकडे द्यावा. तो नीट झाला तर पालकांशी मी स्वतः घरोघर जाऊन बोलेन.' सरांनी तो वाचला, खिशातून आपले पेन काढले आणि खाली एक ओळ जोडली, 'कन्नडच्या वर्गालाही हेच लागू करावे.'

खाली फेरीबोट काठाला लागत होती. पलीकडे केरीचे माड तांबूस दिसत होते.

"गाडीसकट घेतात," सर म्हणाले. "पेडण्यावरून गेलो तर घरी पोहोचायला रात्र होईल."

सौ.नी फराळाचा डबा उघडून पाहिला. चकल्या अजून उरल्या होत्या. आम्ही पलीकडे गेलो.