एक पान, दोन लिप्या

मजकूर लिहिणे ही एक गोष्ट आणि तो वाचणाऱ्यापुढे मांडणे ही दुसरी गोष्ट. घरी पाहुणे आले, की आपण जेवण पातेल्यासकट त्यांच्यापुढे ठेवत नाही. दस्तरखान अंथरतो, ताटे मांडतो, वयस्कर माणसाचा हात सहज पोचेल अशा ठिकाणी भाजी आणि पाणी ठेवतो. जेवण तेच असते. पण नीट मांडले म्हणजे पाहुण्याला संकोच वाटत नाही. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर जे पान आपण वाचतो, त्याचेही असेच आहे.

अशा पानाला वेबपेज म्हणतात. ते दोन भागांत तयार होते. पहिल्या भागात मजकूर असतो आणि त्यातील शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, यादी कोणती, हे सांगितलेले असते. त्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. ती टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत तयार केली. मात्र अक्षर केवढे असावे, रंग कोणता असावा, दोन ओळींत किती जागा सोडावी, हे पद्धतशीर सांगण्याची सोय सुरुवातीला नव्हती. ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्नमध्येच काम करणारे नॉर्वेचे हाकोन व्युम ली यांनी त्यासाठी एक योजना मांडली. नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये या योजनेला मान्यता मिळाली. तिचे नाव कॅस्केडिंग स्टाइल शीट्स. थोडक्यात तिला सीएसएस म्हणतात.

'कॅस्केड' या शब्दाचा अर्थ टप्प्याटप्प्याने खाली येणारा धबधबा. मी हा अर्थ वर्गात सांगितला, तेव्हा मुलांचे चेहरे खुलले. आमचे औंढे गाव लोणावळ्याला लागून आहे. आषाढ लागला, की इथल्या डोंगरांवरून पाणी असेच उतरत येते. एका कातळावर पडते, पसरते, मग खालच्या कातळावर पडते. सीएसएसचे नियमही असेच वरून खाली उतरतात. सगळ्या पानाला काळी अक्षरे असा नियम वर लिहिला, तर तो खालच्या प्रत्येक परिच्छेदापर्यंत पोचतो. मध्येच एखाद्या परिच्छेदासाठी निळ्या अक्षरांचा खास नियम लिहिला, तर तेवढ्यापुरता तो प्रवाह वळतो. एवढे समजले, की अर्धे सीएसएस समजले.

उरलेले अर्धे मात्र ऐकून समजत नाही. ते हाताने करावे लागते. आपल्या महाराष्ट्रात हा विचार जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली होती. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. तेच पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. मुलांनी हाताने एखादे काम करता करता शिकावे, असे या समितीने सांगितले. त्या काळी ते काम सूतकताईचे होते. बी.एड. करताना हे सारे मी पुस्तकात वाचले होते. त्याचा खरा अर्थ मला संगणकाच्या खोलीत कळला.

आमच्या शाळेत सहा संगणक आहेत. एका संगणकापुढे पाच-सहा मुले बसतात. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते आणि इंटरनेट तर त्याहून जास्त वेळा जाते. पण सीएसएस शिकायला इंटरनेट लागतेच असे नाही. मजकूर लिहिण्याचा साधा नोटपॅड आणि पान दाखवणारा ब्राउझर एवढे पुरते. एका बाजूला नियम लिहायचा आणि दुसऱ्या बाजूला पान पुन्हा उघडून पाहायचे. नियम बरोबर असेल तर पान बदलते, चुकला असेल तर बदलत नाही. इथे शिक्षकाने बरोबर-चूक सांगण्याची वाट पाहावी लागत नाही.

पहिला प्रकल्प होता चिक्कीचे दरपत्रक. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांना तोटा नाही आणि आमच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांचेही असे दुकान आहे. शेंगदाण्याची, तिळाची, खोबऱ्याची, काजूची अशी यादी मुलांनी तयार केली. पहिल्या दिवशी प्रत्येक गटाने हाती लागतील तेवढे रंग वापरले. पिवळ्यावर पांढरी अक्षरे, लाल चौकटीत हिरवी अक्षरे. मग ती पाने दुकानदारांना दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अरे बाबा, यात काजूचा भाव कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी मुलांनी रंग काढून टाकले. रकमा उजव्या कडेला एकाखाली एक आणल्या. प्रत्येक ओळीभोवती थोडी मोकळी जागा सोडली. अक्षर आणि चौकट यांमधील जागेला पॅडिंग म्हणतात आणि चौकटीबाहेरील जागेला मार्जिन. रिकामी जागाही काम करते, हे मुलांना त्या दरपत्रकाने शिकवले.

दुसरा प्रकल्प कार्ल्याच्या लेण्यांवर होता. मजकूर सगळ्या गटांना एकच दिला आणि त्यातील एक अक्षरही बदलायचे नाही, अशी अट घातली. फक्त सीएसएसचे नियम बदलायचे. ही कल्पना डेव्ह शे या कॅनडाच्या डिझायनरची. त्यांनी २००३ मध्ये एकच मजकूर ठेवून जगभरातल्या लोकांना त्याला नवे रूप देण्याचे आवाहन केले आणि शेकडो निराळी पाने तयार झाली. आमच्याकडे सहा झाली. एका गटाचे पान लहान मुलांच्या पुस्तकासारखे दिसत होते, दुसऱ्याचे वर्तमानपत्रासारखे. मजकूर आणि त्याचा पोशाख वेगळा ठेवता येतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

तिसरा प्रकल्प मात्र हौसेचा नव्हता. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या परिसरातील एका धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. पाणी एकाएकी वाढले आणि परत फिरायला वाट उरली नाही. आमच्या मुलांना ती जागा ठाऊक आहे. ती बरेच दिवस त्याच विषयावर बोलत होती. मग त्यांनीच ठरवले, की पावसाळ्यात इथे येणाऱ्या लोकांसाठी सूचनांचे एक पान करायचे. ते मोबाईलवर उघडावे आणि मराठी व उर्दू अशा दोन्ही भाषांत असावे.

मजकूर तासाभरात झाला. 'पाणी अचानक वाढते. प्रवाहात उतरू नका. मुलांचा हात सोडू नका. मदतीसाठी ११२ क्रमांक लावा.' एवढाच तो मजकूर. पण मांडणीला तीन आठवडे लागले.

मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, उर्दू उजवीकडून डावीकडे. मुलांनी मराठी भाग आधी केला. सूचनांच्या डाव्या कडेला लाल पट्टी आणि त्यानंतर थोडी जागा. तेच नियम उर्दू भागाला लावले, तर पट्टी वाक्याच्या शेवटी गेली आणि वाक्याची सुरुवात उजव्या कडेला चिकटली. मग आठवीतील एका मुलीला सीएसएसमधील एक सोय सापडली. 'डावीकडे जागा सोड' असे म्हणण्याऐवजी 'सुरुवातीकडे जागा सोड' असे सांगता येते. मराठीसाठी सुरुवात डावीकडे, उर्दूसाठी उजवीकडे. नियम एकच आणि दोन्ही लिप्यांना सारखा न्याय. ती मुलगी म्हणाली, "टीचर, आता कोणतीच भाषा उलटी नाही." मला हे वाक्य फार आवडले. मात्र ११२ हा आकडा उर्दू वाक्यातही डावीकडूनच वाचतात. म्हणून त्याला स्वतंत्र ओळ दिली.

दुसरी अडचण अक्षरांची होती. उर्दू ज्या नस्तालीक वळणात लिहितात, त्यात शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि तिरका उतरत डावीकडे खाली येतो. छापखान्याच्या सुट्या खिळ्यांत हे वळण बसवणे फार कठीण होते. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे कातिब हाताने लिहीत. चेन्नईत १९२७ साली सुरू झालेले 'द मुसलमान' हे दैनिक तर संगणकाच्या काळातही हातानेच लिहिले जात होते. १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' दैनिकाने मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक संगणकावर वापरले आणि मोठा बदल सुरू झाला. आज नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट कोणालाही विनामूल्य मिळतो. मराठीसाठी मुलांनी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता हा फाँट निवडला.

कातिब अक्षराचे माप नुक्त्याने घेतो. कलमाच्या टोकाने काढलेला एक चौकोनी ठिपका हेच त्याचे माप. कलम जाड झाले, की नुक्ता मोठा होतो आणि त्याबरोबर सगळे अक्षर मोठे होते. सीएसएसमध्ये 'एम' नावाचे माप आहे, तेही असेच अक्षराच्या आकाराबरोबर वाढते. आमच्या वर्गातील एका मुलाचे आजोबा पूर्वी किताबत करत. नातवाने त्यांना एमचा अर्थ सांगितला. ते हसून म्हणाले, "म्हणजे तुमच्या यंत्रालाही नुक्ता लागतोच."

पान तयार झाल्यावर प्रत्येक मुलाने ते घरच्या वडीलधाऱ्या माणसाला वाचायला द्यावे, असे मी सांगितले. एका मुलीच्या नानी उर्दू छान वाचतात, मराठी वाचता येत नाही. त्या पहिल्याच शब्दावर अडल्या. शब्द होता 'पानी'. उर्दूत 'पे' या अक्षराखाली तीन नुक्ते असतात आणि 'बे' या अक्षराखाली एक. मुलांनी लाल पट्टीची उंची मराठीच्या मापाने पक्की करून टाकली होती. तिच्या खालच्या कडेत नुक्ते कापले गेले होते. नानींना 'पानी' वाचावे, की 'बानी', ते कळेना. बानी म्हणजे संस्थापक. जीव वाचवणाऱ्या सूचनेतला सगळ्यांत महत्त्वाचा शब्दच वाचता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी फारसे बोलले नाही. मुले कामाला लागली. पट्टीची पक्की उंची काढून टाकली, म्हणजे ती मजकुराप्रमाणे वाढेल. मराठीच्या ओळींत दीडपट अंतर ठेवले, उर्दूच्या ओळींत दुपटीहून जास्त. शीर्षकाची अक्षरे एकमेकांपासून लांब ठेवण्याचा नियमही काढला. इंग्रजीत तो शोभतो. पण मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि उर्दूत जोडाक्षरे सुटी पडतात. धबधब्याचे मोठे छायाचित्र मजकुरामागून काढून अगदी खाली नेले, कारण पाण्याच्या पांढऱ्या फेसावर अक्षरे दिसत नव्हती. लाल रंग ठेवला. पण काहींना लाल आणि हिरवा यांतील फरक नीट दिसत नाही, म्हणून 'धोका' हा शब्दही ठळक लिहिला. शेवटी सगळे मोबाईल घेऊन अंगणात गेलो. भर उजेडात, हात लांब करून, पान वाचता येते का, ते पाहिले.

नानींनी ते पान पुन्हा वाचले. या वेळी त्या कुठेच थांबल्या नाहीत.

हे पान करून धबधब्यावरचे सगळे अपघात टळतील, असे मी म्हणणार नाही. पाण्यात उतरायचेच ठरवलेल्या माणसाला कोणतेही पान अडवू शकत नाही. पण ज्याला थांबायचे आहे, त्याला थांबण्याची सूचना त्याच्या लिपीत, त्याच्या डोळ्यांना दिसेल अशी मिळाली पाहिजे. ते काम सूचना लिहिणाऱ्याचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही असे एखादे पान करून पाहा. तुमच्या गावच्या एसटीचे वेळापत्रक करा, दवाखान्याच्या वेळा लिहा किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका करा. संगणक नसेल, तर कागदावर आखा. आमच्या वर्गातील मुले आता नवे काम हाती घेतले, की रंग कोणता, हा प्रश्न आधी विचारत नाहीत. हे पान कोण वाचणार आहे, असे आधी विचारतात. मग त्या माणसाचे वय, त्याची लिपी आणि त्याच्या हातातला मोबाईल, हे सारे वहीत लिहून घेतात. सीएसएसचा पहिला नियम त्यानंतर लिहिला जातो.