प्रतिहल्ल्याची पूर्वतयारी

प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावताच, त्याची बचाव फळी सावरण्याआधी, त्याच्या गोलच्या दिशेने केलेल्या थेट चालीला फुटबॉलमध्ये प्रतिहल्ला म्हणतात. या चालीचे श्रेय बहुधा वेगवान आघाडीपटूला मिळते; परंतु चेंडू ताब्यात येण्यापूर्वी संघ मैदानावर कसा उभा होता, यावरच तिचे यश मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. २०१५-१६ च्या हंगामात क्लॉदिओ रानिएरी यांच्या मार्गदर्शनाखाली इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे विजेतेपद पटकावणाऱ्या लेस्टर सिटीचा खेळ या दृष्टीने बारकाईने अभ्यासण्याजोगा आहे.

लेस्टरची रचना ४-४-२ अशी, म्हणजे चार बचावपटू, मधल्या फळीत चौघे आणि पुढे दोन आघाडीपटू अशी होती. बचाव करताना चौघांच्या दोन फळ्या एकमेकींच्या इतक्या जवळ येत की, त्यांच्या मधल्या पट्ट्यात चेंडू घेऊन गोलकडे वळण्यास प्रतिस्पर्ध्याला उसंत मिळत नसे. चेंडू ज्या बगलेला जाई तिकडे सारा संघ सरके आणि दूरची बगल जाणूनबुजून मोकळी सोडली जाई. कारण तिथवर लांब पास पोहोचेपर्यंत फळीला पुन्हा सरकण्याइतका वेळ मिळतो, तर मध्यभागातून मात्र गोल क्षणात उघडा पडतो. वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ हे मधले बचावपटू हेडिंगमध्ये भक्कम, पण धावण्यात मंद होते. म्हणून फळी मागे, पेनल्टी क्षेत्राजवळ ठेवून त्यांच्या पाठीमागे धावण्यास जागाच उरू न देणे आणि बगलेवरून येणारे उंच चेंडू त्यांच्या डोक्यावर सोपवणे, हे त्यांच्या गुणदोषांशी जुळणारे धोरण होते.

अशा माघारीचा दुसरा लाभ हल्ल्याला मिळतो. कबड्डीत चढाईपटूला आत येऊ देऊन बचावाची साखळी त्याच्या परतीची वाट बंद करते, तसा येथे पुढे ओढला गेलेला प्रतिस्पर्धी स्वतःच्या बचाव फळीमागे मोठी जागा मोकळी सोडून येतो. पास दिला जातो त्या क्षणी आपल्याच अर्ध्या भागात असलेल्या खेळाडूला ऑफसाइडचा नियम लागू होत नाही. त्यामुळे मध्यरेषेजवळ थांबलेल्या जेमी वार्डीला या जागेत निर्धास्तपणे धाव घेता येई. एन्गोलो कान्टेने चेंडू हिसकावावा, डॅनी ड्रिंकवॉटर किंवा रियाद माहरेझने तो वार्डीच्या वाटेत टाकावा, आणि शिंजी ओकाझाकीने आघाडीपटू असूनही मागे येऊन मधल्या फळीला पाचवा माणूस पुरवावा, अशी ही विभागणी होती. २८ नोव्हेंबर २०१५ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गोलरक्षक कॅस्पर श्मायकेलने प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नरवर आलेला चेंडू झेलून लगेच क्रिस्टियन फुक्सकडे दिला, फुक्सने तो घेऊन मुसंडी मारली आणि त्याच्या पासवर वार्डीने सलग अकराव्या लीग सामन्यात गोल केला. युनायटेडचे खेळाडू कॉर्नरसाठी पुढे गेल्याने मागची जागा रिकामी होती, आणि ती कोणी, कोणत्या मार्गाने वापरायची हे लेस्टरला आधीच ठाऊक होते.

ही घडी पहिल्या दिवसापासून बसलेली नव्हती. हंगामाच्या पहिल्या नऊही लीग सामन्यांत लेस्टरवर गोल झाले आणि २६ सप्टेंबरला आर्सेनलने त्यांना त्यांच्याच मैदानावर ५-२ असे हरवले. त्यानंतर दोन्ही बगलांचे बचावपटू बदलून डॅनी सिम्पसन व फुक्स यांना स्थान देण्यात आले, आणि पुढे मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत संघाने सलग चार लीग सामने १-० असे जिंकले. हंगामाअखेर ६८ गोल करून आणि ३६ स्वीकारून ८१ गुणांसह लेस्टर अव्वल ठरला. या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे: प्रतिस्पर्ध्याने पुढे येण्याचेच टाळले तर धावण्यास जागा उरत नाही, आणि हिसकावणारा खेळाडू गमावला तर माघार केवळ माघारच राहते. कान्टे चेल्सीकडे गेल्यानंतरच्या हंगामात लेस्टर बाराव्या स्थानावर घसरला; त्या घसरणीची कारणे अनेक असली, तरी मधल्या फळीतील ही उणीव त्यांत दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

म्हणून प्रतिहल्ला शिकवू इच्छिणाऱ्या प्रशिक्षकाने धावण्याच्या शर्यतींपूर्वी फळ्यांमधील अंतर राखण्याचा, एकत्र सरकण्याचा आणि चेंडू मिळताच पहिला पास पुढे देण्याचा सराव करून घ्यावा. तसेच बचाव करत असतानाही पुढच्या धावेची दिशा प्रत्येकाला ठाऊक आहे की नाही, हे सराव थांबवून विचारावे. बचावाला भित्रेपणा समजणाऱ्या संघाला प्रतिहल्ला कधीच साधत नाही.