थांबू न शकणारी बिअर

भारतातील बिअरच्या बाजारात लहान उत्पादकाची खरी झुंज मोठ्या कंपनीच्या चवीशी नसून काळाशी असते, असे पुण्यातील एका लहान ब्रुअरीत, म्हणजे बिअर तयार करण्याच्या कारखान्यात, काही वर्षे काम केलेल्या प्रस्तुत लेखकाचे अनुभवांती बनलेले मत आहे. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, भरडून गरम पाण्यात भिजवली की तिच्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड रस हॉप्स या वेलीच्या कडवट फुलांसह उकळून गार केला जातो आणि त्यात यीस्ट सोडून तो आंबवला जातो. मोठ्या कारखान्यांतील बाटलीबंद बिअरचे सहसा पाश्चरीकरण होते, म्हणजे ती ठराविक तापमानापर्यंत तापवून तिच्यातील सूक्ष्मजीव निष्प्रभ केले जातात, आणि त्यामुळे ती गोदामात महिनोन्महिने थांबू शकते. लहान उत्पादक सुगंध जपण्यासाठी बहुधा ही प्रक्रिया टाळतो, त्यामुळे त्याची बिअर टाकीपासून ग्लासापर्यंत सतत थंड ठेवावी लागते आणि लवकर विकावी लागते.

शासनव्यवहार मात्र थांबू शकणारी बिअर गृहीत धरूनच चालतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने शुल्क, लेबलांची नोंदणी आणि वाहतुकीचे परवाने राज्यागणिक बदलतात. या नोंदणीचा फटका केवढा असतो, हे 2023-24 या आर्थिक वर्षात ‘बिरा 91’ या बिअरच्या ब्रँडबाबत दिसले: कंपनीच्या नावातील ‘प्रायव्हेट’ हा शब्द गळल्यामुळे राज्याराज्यांत लेबले नव्याने नोंदवावी लागली, विक्री काही महिने खोळंबली आणि सुमारे 80 कोटी रुपयांचा माल पडून राहिला. एवढ्या मोठ्या नावाची ही गत झाली, तर मोजक्याच टाक्या असलेल्या कारखान्याला असा खंड सोसणे अशक्य आहे. त्यातच पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने यंत्रे आणि बाटल्या यांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही व तो सगळा उत्पादनखर्चात मिसळतो.

परंतु सर्वांत जिव्हारी लागणारा प्रश्न नळाचा आहे. हॉटेलातील काउंटरवर केगमधून, म्हणजे दाबाखाली बिअर साठवणाऱ्या धातूच्या पिंपातून, बिअर ओढणारे नळ मोजकेच असतात, आणि एका हॉटेलमालकाने बिअरची मनापासून तारीफ करूनही पुढच्याच हंगामात नळ काढून घेतल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. एका मोठ्या पुरवठादाराने त्याला फ्रिज, ग्लास आणि लांब मुदतीची उधारी देऊ केली होती. त्या मालकाला दोष देता येत नाही, कारण त्यालाही भाडे भरायचे होते. बाजार किती थोड्या हातांत आहे, याची कल्पना सप्टेंबर 2021 मधील भारतीय स्पर्धा आयोगाच्या आदेशावरून येते. किमती संगनमताने ठरवल्याबद्दल युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग इंडिया यांना मिळून 870 कोटी रुपयांहून अधिक दंड त्यात ठोठावण्यात आला. शिवाय मद्याच्या थेट जाहिरातीला बंदी असल्याने मोठी नावे सोडा किंवा पाण्याच्या बाटलीवरून लोकांसमोर राहतात, आणि लहान उत्पादकाकडे तेवढा पैसा नसतो.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत हॉटेले बंद झाली, तेव्हा टाक्यांत तयार असलेली बिअर गटारात सोडून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि ज्यांनी ती रात्रपाळी करून आंबवली होती त्यांनाच व्हॉल्व्ह उघडावे लागले. त्याच वर्षी महाराष्ट्रात ताजी बिअर ग्राउलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून घरी नेण्यास मुभा मिळाली आणि हॉटेलच्या नळाशिवाय ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग प्रथमच खुला झाला. शुल्कातील सवलतीपेक्षाही अशा थेट विक्रीच्या परवानग्या आणि त्या मिळण्याची निश्चित मुदत यांचीच या व्यवसायाला अधिक निकड आहे.