प्रवेश अर्जा, तुझ्यात काही रकाने कमी आहेत

रायपूर, मे अखेर

प्रिय प्रवेश अर्जास,



बारावीचा निकाल लागतो तेव्हा रायपुरात पारा पंचेचाळिशीकडे सरकलेला असतो आणि नेमका तेव्हाच तू हजर होतोस. पूर्वी तू कॉलेजच्या खिडकीतून माहितीपुस्तिकेसकट विकत मिळायचास. खाडाखोड झाली की दुसरा आणावा लागायचा. आता तू पोर्टलवर असतोस आणि निम्मं शहर तुला चॉइस सेंटरमधल्या पोराकडून भरून घेतं. नागपूरकडच्या नातेवाइकांना ‘चॉइस सेंटर’ म्हणजे काय ते सांगावं लागतं. ‘तुमच्याकडचं सेतू’ म्हटलं की लगेच कळतं.

आमच्या ओळखीतल्या मुलांचा फॉर्म भरताना शेजारी बसायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आलंय. त्यामुळे तुझा नि माझा परिचय बरा आहे, आणि तुझ्याशी माझं एक भांडणही आहे. तू फार चौकशा करतोस याबद्दल तक्रार नाही. सरकारी जागा वाटायच्या तर विचारपूस होणारच. पण प्रश्न विचारायचा अधिकार तू सगळाच्या सगळा एका बाजूला देऊन टाकलास. समोरच्या पोराने काय विचारायचं, त्यासाठी तुझ्यात एक ओळही नाही.

आधी तुझे प्रश्न बघू. ‘आय-जाति-निवास’ (उत्पन्न, जात, रहिवास यांचे दाखले) हे तीन शब्द इथे एका दमात म्हणतात, जणू एकाच माणसाचं नाव. यंदा एका मुलीचा फॉर्म भरत होतो. गुण उत्तम, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं (मराठी घरांत हेही नशीबच, कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे), टीसी आहे, मूल निवासाचा दाखला आहे. जातीच्या रकान्यापाशी गाडी अडली. छत्तीसगडमध्ये अनुसूचित जातीचा दाखला हवा असेल तर 10 ऑगस्ट 1950 ला कुटुंब आजच्या छत्तीसगडच्या हद्दीत राहत होतं असा पुरावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी तारीख 6 सप्टेंबर 1950, इतर मागासवर्गीयांसाठी 26 डिसेंबर 1984. पुरावा म्हणजे मिसल (जुनी महसुली नोंद), जमिनीचा जुना कागद, नाहीतर शाळेच्या दाखिल-खारिज पंजीतली नोंद. मुलीचे पणजोबा भंडाऱ्याहून इथे आले ते 1953 मध्ये. सोबत पत्र्याची एक पेटी होती, सातबारा नव्हता.

आता गंमत बघ. 1953 मध्ये भंडारा आणि रायपूर एकाच राज्यात होते. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. पणजोबा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात कामाला आले, एवढंच. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर भोपाळच्या मध्य प्रदेशात राहिलं. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड झालं. पणजोबा जागचे हलले नाहीत. राज्यं मात्र त्यांच्या अंगावरून दोनदा इकडची तिकडे झाली. आज पणती भंडाऱ्याच्या कागदावर अनुसूचितांत मोडते, पण इथल्या सवलतीसाठी तो कागद चालत नाही. महाराष्ट्रात अभियांत्रिकीला जावं तर तिथे राज्याच्या कोट्यासाठी तिथलं शिक्षण किंवा अधिवास हवा. शेवटी तिने ‘अनारक्षित’वर टिचकी मारली. चॉइस सेंटरच्या पोराने पुढचं पान उघडलं, कारण मागे अकरा जण उभे होते.

हा नियम तू केलेला नाहीस, ठाऊक आहे. पण 1950 सालचा कागद मागताना तुला जराही संकोच वाटत नाही, म्हणून तुझ्या मालकांच्या घरचे कागद काढतो.

रायपूरच्या पोरांची पदवी कुठल्या विद्यापीठाची, याचं उत्तर किती वेळा बदललं बघ. माधवराव सप्रे रायपूरच्या हायस्कुलात शिकले, पुढे जबलपूर आणि ग्वाल्हेरला गेले आणि बी.ए. झाले ते कलकत्ता विद्यापीठाचे. मग 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढायला घेतलं. कलकत्ता विद्यापीठ तेव्हा मुख्यतः परीक्षा घेणारं. हजार मैलांच्या टापूतल्या पोरांची उत्तरपत्रिका तपासायची आणि कागद द्यायचा. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं. 1938 मध्ये रायपुरात छत्तीसगढ महाविद्यालय सुरू झालं ते त्याच्याच छत्राखाली. 1946 मध्ये सागर विद्यापीठ आलं आणि इकडची कॉलेजं तिकडे गेली. अखेर 1964 मध्ये रायपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, जीई रोडवरचं पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ. ज्यांचं नाव त्याला दिलं ते शुक्ल रायपूरचे वकील, पण मुख्यमंत्री म्हणून त्यांनी बरीच वर्षं कारभार केला तो नागपुरात बसून. म्हणजे एकाच घरातला आजोबा नागपूरचा पदवीधर, काका सागरचा, बाप रविशंकरचा असं होऊ शकतं, आणि तिघेही रोज एकाच सायकलवरून एकाच रस्त्याने गेलेले.

इथपर्यंत ठीक. विद्यापीठं लांबची असली तरी होती. पुढचा भाग माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेला आहे आणि तुला हे पत्र लिहायचं खरं कारण तोच.

नवं राज्य झाल्यावर 2002 मध्ये छत्तीसगडने खासगी विद्यापीठांचा कायदा केला. राजपत्रात अधिसूचना निघाली की विद्यापीठ झालं. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा, अध्यापक यांतलं काही आधी असायला हवं अशी सक्ती नव्हती. वर्षभरात अशी 112 विद्यापीठं झाली. पुन्हा वाच: एकशे बारा. तेव्हा रायपुरात रिक्षावाल्याला विद्यापीठाचा पत्ता सांगायचा म्हणजे कुठल्यातरी कॉम्प्लेक्समधला मजला सांगायचा, अशी थट्टा चालायची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यश पाल यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 11 फेब्रुवारी 2005 ला निकाल आला. कायद्यातल्या ज्या कलमांवर ही सगळी विद्यापीठं उभी होती ती न्यायालयाने रद्द केली. कित्येक विद्यापीठांना इमारत नाही, आवार नाही, एका खोलीतून कारभार चाललाय, हे निकालपत्रात नोंदलं गेलं. राज्याबाहेर केंद्रं काढण्याची मुभाही गेली. आधीच शिकत असलेल्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्यातल्या अस्तित्वात असलेल्या विद्यापीठांना जोडून घ्यायला सांगितलं.

त्या 112 जणांचेही अर्ज असणार. त्यांतही जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे मागितली असणार, पासपोर्ट आकाराचा फोटो, वडिलांची सही, ‘वरील माहिती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द होईल’ हे प्रतिज्ञापत्र. पोराने आपली माहिती खरी लिहिली. समोरच्याने स्वतःच्या माहितीबद्दल कुठे सही केली होती? न्यायालयात जायला एक म्हातारे प्राध्यापक पुढे यावे लागले. इथल्या शेकडो बापांपैकी कुणाच्या हातात विद्यापीठाच्या सहीचा तसा कागदच नव्हता.

त्यानंतर नवा कायदा आला आणि आज रायपूरच्या आसपास जी खासगी विद्यापीठं आहेत त्यांना जमीन आहे, बस आहेत, फाटकावर पहारेकरी आहेत. मी सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. पण तू मात्र होतास तसाच राहिलास. उलट आता तुझी पानं वाढलीत. 2024-25 पासून इथल्या पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं: एक वर्ष झालं की प्रमाणपत्र, दोन झाली की पदविका, तिसऱ्याला पदवी, चौथ्याला ऑनर्स. सतरा वर्षांच्या पोरापुढे तू डीएससी, जीई, एईसी, व्हीएसी अशी विषयप्रकारांची अक्षरं मांडतोस. रायपूरकराला जीई म्हटलं की रस्ता आठवतो. ड्रॉपडाउन उघडलं की विषयांची ही लांब यादी. भूगर्भशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे. फक्त त्या कॉलेजात तो विषय शिकवायला कायम माणूस आहे का, की सप्टेंबरात अतिथी शिक्षकाची जाहिरात निघणार, हे यादीत कुठेच नसतं.

म्हणून माझं मागणं असं. मुलाच्या सहीच्या वर, तेवढ्याच जागेत, कॉलेजने स्वतःची माहिती भरावी. या विषयाची मंजूर पदं किती, भरलेली किती. मागल्या वर्षी परीक्षा केव्हा झाली आणि निकाल केव्हा लागला. प्रयोगशाळेत मूल आठवड्याला खरोखर किती तास उभं राहतं. अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या कलम 2(एफ)खालच्या मान्यताप्राप्त यादीत नाव आहे की नाही. शुल्क परत करण्याचा नियम काय. हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण रायपूरच्या घरात एकाच मुलाचे पाच-पाच फॉर्म असतात: एनआयटीसाठी जेईई, एम्ससाठी नीट, हिदायतुल्ला विधी विद्यापीठासाठी क्लॅट, बिलासपूरच्या गुरू घासीदास केंद्रीय विद्यापीठासाठी 2022 पासून सीयूईटी, आणि हे सगळं हुकलं तर असू द्यावं म्हणून घराजवळच्या कॉलेजात भरलेला तू. त्या मोठ्या संस्थांच्या याद्या लागेपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि जवळच्या कॉलेजात भरलेले पैसे अडकतात. मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायची नाहीत आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश सोडला तर शुल्क परत द्यायचं, असं आयोगाने 2018 मध्येच बजावलंय. 2024-25 साठी तर 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी, असं स्पष्ट सांगितलं होतं. किती पालकांना ठाऊक होतं? जिथे सगळ्यांची नजर जाते तिथेच, शुल्काच्या बटणाच्या वर, हे छापायला काय हरकत होती?

कुणी म्हणेल, ही माहिती संकेतस्थळावर असते. असते, इंग्रजीत, तीन वर्षांपूर्वीच्या पीडीएफमध्ये. मुलाला 1950 सालचा पुरावा आणून जोडायला लावणाऱ्याने स्वतःची माहिती ‘असते कुठेतरी’ म्हणून सोडून द्यावी, हे मला पटत नाही.

तू रकाने वाढवेपर्यंत मी माझ्यापुरता उपाय केलाय. फॉर्म भरण्याआधी मुलांना कॉलेजात पाठवतो, तेही निवांत जूनमध्ये नाही, परीक्षेच्या किंवा वर्गाच्या दिवशी. कुठल्याही विभागात शिरायचं, दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना विचारायचं की काल किती तास झाले. यंदाच्या त्या मुलीने विचारलं. एका ठिकाणी उत्तर मिळालं, ‘कौन सी क्लास?’ तिने तो पर्याय चौथ्या क्रमांकावर ढकलला.

कळावे.

आपला,
रायपूरचा एक मराठी रहिवासी

ता. क. — पैसे खात्यातून कापले जातात आणि पावतीच्या पानावर चाक फिरत राहतं, ते तेवढं दुरुस्त करून घे. दुसऱ्यांदा भरलेली रक्कम परत यायला कधीकधी पहिलं सत्र संपतं.